पत्ता बदलण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मदत केंद्रात रुजू होऊन महिना होत नाही तोच एक कुटुंब तुझ्यासमोर येऊन बसलं आणि त्यांनी तुला सरळ विचारलं, "आईला घरी ठेवायचं की वृद्धाश्रमात, तुम्हीच सांगा." याचं उत्तर काय द्यायचं, असं तू मला विचारते आहेस. ते उत्तर तू देऊ नकोस. मीही देणार नाही. मुलगा बोलला, सून बोलली, परदेशातून लेक फोनवर बोलली, पण त्या आजींचं एकही वाक्य तुझ्या पत्रात नाही. तुझं काम तिथून सुरू होतं.

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मी सगळ्यांत जास्त वेळा काय पाहिलं असेल, तर म्हाताऱ्या माणसाचा पत्ता घाईने बदलला जातो आणि त्याच्या पाठीमागे बदलला जातो. खुब्याचं हाड मोडलं की दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये भावंडं एकत्र येतात आणि डिस्चार्जच्या आधी आईचं पुढचं आयुष्य ठरवून मोकळी होतात. वडील गेले की तेराव्याला सगळे जमलेलेच असतात, तेव्हा ठरतं. ज्या दिवसांत त्या माणसाला धड विचार करता येत नाही, नेमका त्याच दिवसांत त्याचा निर्णय होतो. तुला जमेल तिथे हा निर्णय पुढे ढकलायला लाव. निदान तीन महिने. तेवढ्यापुरती दिवसभराची बाई ठेवा, मावसबहिणीला बोलवा, काहीही करा, पण घर मोडू नका, भाड्याने देऊ नका, सामान वाटू नका. एकदा भांडी वाटली गेली की परतीचा रस्ता बंद होतो.

आजींना एकट्यांना भेट. घरात जमलं नाही तर खालच्या बाकावर, देवळाच्या ओट्यावर, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही. "तुम्हाला कुठे राहायला आवडेल?" असं विचारलंस तर "तुम्ही ठेवाल तिथे" एवढंच ऐकू येईल. ही पिढी असंच बोलायला शिकलेली आहे. त्याऐवजी दिवसाबद्दल विचार. सकाळी चहा कोण करतं? भाजी आणायला स्वतः जाता का? दुपारी कोण येतं बोलायला? रात्री उठावं लागलं तर दिवा कोण लावतं? पेन्शन कुठल्या खात्यात येते, पासबुक कोणाकडे असतं? आणि सगळ्यात शेवटी विचार, की इथून हलायचं झालं तर कशावाचून तुमचं अडेल. या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मी वहीत लिहून ठेवत आले आहे. त्यात घराच्या भिंती क्वचित येतात. भजनी मंडळ येतं, भिशी येते, नावाने हाक मारणारा वाणी येतो, वीस वर्षं नाडी बघणारा डॉक्टर येतो. जी माणसं आणि ज्या जागा पायी गाठता येतात, त्यांवर म्हातारपणाचा दिवस उभा असतो. नवा पत्ता शोधताना या यादीतलं काय टिकेल आणि काय तुटेल, ते कुटुंबासमोर मांड.

आकड्यांचं भान ठेव, म्हणजे तुझं लक्ष योग्य ठिकाणी राहील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. देशाचं प्रमाण ८.६ टक्के होतं. आज ते आणखी वर गेलं आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर जी मोठी पाहणी केली, तिच्यात एकटे राहणारे वृद्ध सुमारे सहा टक्के निघाले; बाकीचे घरच्या कोणाबरोबर तरी राहत होते. म्हणजे तुझ्याकडे येणारे बहुतेक लोक वृद्धाश्रमात राहत नाहीत आणि तिकडे जाणारही नाहीत. ते जोडीदाराबरोबर किंवा मुलांच्या घरात राहतात, आणि त्यांची बरीचशी दुःखं त्या घराच्या आतच असतात. "मुलाकडे आहेत ना, मग ठीक आहे" असं म्हणून फाइल बंद करू नकोस.

मुलाकडे म्हणजे तरी कसे? आपल्याकडे आळीपाळीची पद्धत आहे. चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे. बाहेरून ही रीत न्यायाची वाटते, कारण ती मुलांमधला न्याय बघते. ज्याला फिरावं लागतं त्याचं काय होतं ते बघायचं असेल, तर त्यांची पिशवी बघायला माग. मी नेहमी मागते. अशा एका आजींच्या पिशवीत दोन पातळं, चष्म्याचं घर, देवाची तसबीर आणि गोळ्यांच्या तीन पुड्या होत्या. चिंचवडच्या डॉक्टरने रक्तदाबाची एक गोळी दिलेली, साताऱ्याच्या डॉक्टरने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलेलं, आणि आजी दोन्ही घेत होत्या, कारण दोन्ही डॉक्टरांनी "बंद करू नका" असं बजावलं होतं. त्यांना चक्कर का येते, याचा शोध तीन घरांत चालला होता. वस्ती बदलली की डॉक्टर बदलतो, रेशन अडतं, शेजार नव्याने जोडावा लागतो, आणि तो जुळेपर्यंत पुढच्या घरी जायची वेळ होते. फिरणं अटळच असेल तर निदान डॉक्टर एकच ठेवा आणि औषधांचा कागद पिशवीला टाचून ठेवा, एवढं तरी तू करून घेऊ शकतेस.

याहून वाईट म्हणजे नवराबायकोची वाटणी. वडील एका मुलाकडे, आई दुसऱ्या मुलाकडे. कारण काय, तर एका घरात दोघांची सोय होत नाही. पन्नास वर्षं एका छताखाली काढलेली माणसं मग लग्नकार्यात भेटतात आणि निघताना एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी करतात. याला कायद्याची आडकाठी नाही, शेजारपाजारी नावं ठेवत नाहीत, म्हणून ते सर्रास चालतं. मला ते क्रूर वाटतं, आणि कुटुंबासमोर मी तसं बोलते. फॉर्म भरून घेताना तुझा पहिला प्रश्न हाच असू दे, की दोघं एकत्र राहतात का. नसतील, तर दोघांना एका खोलीत आणण्याचा मार्ग आधी शोध; बाकी सगळं नंतर. चांगल्या वृद्धाश्रमातली जोडप्याची खोली या वाटणीपेक्षा शंभरपट बरी.

आता घर. स्वतःच्या घरात राहायचं म्हणणाऱ्या माणसाला तसं राहता येईल का, हे बघायला घर पाहावं लागतं. आपल्या शहरांतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. पस्तिसाव्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर हौसेने घर घेतलेली माणसं ऐंशीव्या वर्षी तिथेच अडकून पडली आहेत. गुडघे गेले की आधी बाग सुटते, मग बँक, मग देऊळ, आणि मग जिना उतरणं फक्त दवाखान्यासाठी उरतं. अशा वेळी मुलं म्हणतात, घर विकू. त्याआधी सोसायटीत विचारायला सांग. तळमजल्यावरचा एखादा फ्लॅट भाड्याने मिळतो का, एखादं तरुण कुटुंब अदलाबदल करेल का? गल्ली तीच, शेजार तोच, फक्त जिना गेला. असं जमलेली घरं मी पाहिली आहेत, आणि ती माणसं पुन्हा भाजीच्या पिशव्या घेऊन हिंडताना पाहिली आहेत.

घरात गेलीस की हॉलमध्ये चहा घेत बसू नकोस, बाथरूम बघ. दाराला उंबरा आहे का? फरशी ओली असताना पायाने दाबून बघ. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्यायला सांग. माणूस आत पडला की त्याचं अंगच दाराला टेकतं, आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही. आतून कडी लावायची सवय मोडायला वेळ लागतो, तोवर बाहेरूनही उघडेल अशी कडी बसवा. कमोडशेजारी उठताना हात कुठे जातो ते आजींनाच करून दाखवायला सांग. बहुतेकांचा हात टॉवेल अडकवायच्या दांडीकडे जातो. ती दांडी दोन बारीक स्क्रूंवर उभी असते आणि एक दिवस भिंतीतून उपटून हातात येते. नेमक्या त्याच जागी भिंतीत पक्का दांडा ठोकून घे. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लाव आणि वाटेतलं पायपुसणं काढून टाक. हा सगळा खर्च फार मोठा नसतो. "आता आईला घरी ठेवणं शक्य नाही" असं ठरवून आलेली कित्येक कुटुंबं एवढ्या दुरुस्तीनंतर आणि सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या बाईच्या मदतीने निभावून गेली आहेत. दाराची रुंदीही मोज. दोन फुटी दारातून व्हीलचेअर जात नाही, आणि हे घरच्यांना व्हीलचेअर दारात आल्यावर कळतं.

मुंबई-पुण्यात सध्या दर दुसऱ्या घरात पुनर्विकासाचा विषय आहे, तो नीट समजून घे. सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी शासनाने ४ जुलै २०१९ ला सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली जी नियमावली काढली, तिच्यात ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर गाडी पुढे जाते. चाळिशीतल्या सभासदाला त्यात मोठं घर दिसतं, लिफ्ट दिसते. पंच्याऐंशीच्या सभासदाला तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची असतात, आणि इतकी वर्षं आपल्या हातात आहेत का, हा विचार त्याच्या मनात असतो. तो बोलून दाखवत नाही, सर्वसाधारण सभेत सही करतो आणि घरी येऊन गप्प होतो. अशा वृद्धाच्या वतीने सोसायटीशी आणि विकसकाशी बोलायला तू सोबत जा. मागण्या मोजक्या आणि व्यवहाराच्या ठेव. भाड्याचं घर याच परिसरात आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत मिळेल एवढं भाडं. सामान हलवायला माणसं. नव्या घराच्या नकाशात बाथरूमचं दार रुंद आणि उंबरा नाही. करारनामा नोंदणीकृत हवा आणि त्यावर त्यांचंच नाव हवं. "बाबा, कशाला तुमची दगदग, माझ्याच नावावर करून टाकू" हे वाक्य नेमकं याच सुमाराला घरात ऐकू येतं.

चाळीतल्या आणि पागडीच्या खोल्यांबद्दल एवढंच सांगते. संडास गॅलरीच्या टोकाला असतो ही मोठी अडचण आहे, पण दार दिवसभर उघडं असतं आणि सकाळी नऊपर्यंत आजोबा दिसले नाहीत तर कोणीतरी डोकावतं. तिथून बंद दारांच्या टॉवरमध्ये गेलेल्या माणसाला पहिलं वर्षभर फार जपावं लागतं.

गावाकडचं चित्र वेगळं. कोकणात एकटी आजी मोठ्या घरात राहते आणि मुलं डोंबिवली-विरारला दीड खोलीत. पावसाळ्यात ती पडवीत घसरली की मुंबईकर धावत येतात आणि तिला उचलून घेऊन जातात. त्यांच्या मनात मायाच असते. पण तिथे ती खिडकीजवळच्या पलंगावर बसून राहते. संध्याकाळपर्यंत घरात कोणी नसतं, आणि खाली उतरायची तिला भीती वाटते. ज्या घरांनी मधला मार्ग काढला आहे, त्यांच्याकडे लक्ष दे. पावसाळा मुंबईत, गणपतीला सगळ्यांबरोबर गावी, पुढे शिमगा होईपर्यंत गावीच. गावात शेजारणीला महिन्याला पैसे ठरवून द्यायचे, गावातल्या आशाताईंकडे, म्हणजे आरोग्यसेविकेकडे, मुलांचे नंबर द्यायचे, न्हाणीची मोरी दुरुस्त करायची. बीडकडे उलटच चालतं. दसऱ्यानंतर पोरं ऊसतोडीला जातात आणि म्हातारी माणसं नातवंडांना सांभाळत मागे राहतात. तिथे "वृद्धांना कोण सांभाळतं" हा प्रश्न विचारण्याआधी ते कोणाला सांभाळत आहेत ते विचार.

आणि हो, अमेरिकेतल्या लेकीकडे सहा महिने राहणारी मंडळीही तुझ्याकडे येतील. तिथे गाडी चालवता येत नसेल तर घराबाहेर पडणं लेकीच्या सुट्टीवर अवलंबून राहतं. तिथल्या मुक्कामाच्या आशेवर इथलं घर विकू नका, एवढं त्यांना नक्की सांग.

कागदांचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण रस्त्यावर आलेली जी माणसं मी पाहिली, त्यांतली बहुतेक कुठल्या ना कुठल्या सहीने आली होती. महाराष्ट्रात आईवडिलांनी राहतं घर मुलामुलींना किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. शहरात स्थानिक अधिभार वेगळा पडतो. इतकं स्वस्त असल्यामुळे ते चटकन केलं जातं. बक्षीसपत्र झालं की घर त्याच दिवशी दुसऱ्याचं होतं. मृत्युपत्राचं तसं नाही. ते कितीही वेळा बदलता येतं, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घ्यायचं नसतं. म्हणून माझा आग्रह असतो: जिवंतपणी नावावर करू नका, मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर त्यातच लिहून घ्या की देणाऱ्याचा तहहयात राहण्याचा हक्क राहील आणि घेणाऱ्याने त्याचा सांभाळ करायचा आहे.

हे लिहून घेणं का महत्त्वाचं, ते सांगते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन सांभाळ नाकारला तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं की अशी अट घातलेली होती हे दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या हिताचा आहे, तो उदारपणे वाचला पाहिजे, असं सांगून एका आईला तिचं घर परत मिळवून दिलं. निकाल बदलत राहतील. अट कागदावर लिहिलेली असेल तर त्या वादातच पडावं लागत नाही.

दुसरा कागद हक्कसोडपत्राचा, म्हणजे वारसाने आपला वाटा सोडल्याचा. वडील गेल्यावर आईपुढे तो येतो, बहुतेक वेळा "बँकेचं काम आहे, इथे सही कर" असं म्हणत. हिंदू उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला मुलामुलींच्या बरोबरीने एक वाटा असतो. मुलगा आईच्या आधी गेला तर त्याच्या मालमत्तेतही आईचा वाटा असतो. हे तर कित्येकींना माहीतच नसतं. विधवा आईने राहत्या घरावरचा हक्क सोडू नये, असं स्पष्ट सांगायला कचरू नकोस. कुटुंब तुझ्यावर रागावेल. रागावू दे. सोसायटीतल्या नॉमिनीबद्दलही गैरसमज फार आहेत. नॉमिनेशनमुळे कोणी मालक होत नाही. वारस ठरेपर्यंत तो विश्वस्तासारखा असतो.

त्याच २००७ च्या कायद्याखाली प्रांत ऑफिसात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, चरितार्थासाठी अर्ज करता येतो. वकील लावावा लागत नाही. महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळू शकतात आणि मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं यांच्यावर ती जबाबदारी आहे. मूलबाळ नसेल, तर ज्याच्याकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा जाणार आहे त्या नातेवाइकावर आहे. "मुलीकडून कसं घ्यायचं" म्हणून कुढणाऱ्या आईला सांग, की कायद्याने लेक आणि लेकात फरक केलेला नाही. मात्र हे हत्यार शेवटी काढायचं. एकदा नोटीस गेली की त्या घरात दिवाळी होत नाही. तुझी चिठ्ठी, तुझी बैठक, ज्येष्ठ नागरिक संघातला एखादा वजनदार माणूस, यांनी जे होतं ते आधी करून बघ.

ज्याच्याकडे घर आहे आणि रोख नाही, त्याला रिव्हर्स मॉर्गेजची माहिती दे. २००७ च्या अर्थसंकल्पात ही योजना आली. साठीच्या पुढच्या घरमालकाला बँक राहतं घर तारण ठेवून हप्त्याने पैसे देते, तो आणि जोडीदार हयात असेपर्यंत त्याच घरात राहतात आणि फेड नंतर होते. वारसांना कर्ज फेडून घर ठेवता येतं. ही योजना आपल्याकडे फारशी रुजली नाही, कारण घर मुलांसाठी ठेवायचं असतं. माझं मत विचारशील तर सांगते: दुधाचा रतीब निम्मा करून, कानाचं यंत्र न घेता जो माणूस कोटीच्या घरात राहतो, त्याने ते घर स्वतःसाठी वापरावं. हे मी मुलांसमोरही बोलते.

आता वृद्धाश्रम. तिथे जाणं म्हणजे टाकून देणं, ही समजूत तुझ्या मनात असेल तर ती काढून टाक. तुझ्या चेहऱ्यावर ती दिसली तर स्वतःहून जायचं ठरवलेल्या बाईला अपराधी वाटेल. स्वतःच्या मर्जीने गेलेली आणि तिथे खुललेली माणसं मला माहीत आहेत, त्यांत बायका जास्त. पुण्याचा निवारा वृद्धाश्रम तर दीडशेहून अधिक वर्षं चालला आहे, डेव्हिड ससून यांच्या नावाच्या पंगुगृहापासून. १९९५ मध्ये राज्य सरकारने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. २००७ च्या कायद्याने तर प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी फिरताना ही जागा किती अपुरी आहे ते तुला कळेल. गोव्यात सरकारची प्रोव्हेदोरिया ही संस्था वृद्धाश्रम चालवते. सिंधुदुर्गातली माणसं चौकशीला आली तर नाव ठाऊक असू दे.

आश्रम बघायला जाशील तेव्हा न कळवता जा, आणि जेवणाच्या वेळेला जा. माहितीपत्रक नंतर वाच. आधी तिथल्या माणसांची नखं बघ. हाताची नव्हे, पायाची. पायाची नखं कापलेली असतील तर कोणीतरी त्या माणसाच्या पायाशी बसतं, एवढं समजतं. बायकांचे केस सरसकट बारीक केले आहेत का? अंगावरचे कपडे स्वतःचे आहेत की सामाईक गठ्ठ्यातले? कपाटाला कुलूप आहे का आणि किल्ली कोणाकडे? रात्री किती माणसांमागे एक सेवक असतो? त्या सेवकालाच विचार, ऑफिसात नको. आणि मग ऑफिसात तो प्रश्न विचार, जो कुटुंबं विचारायला विसरतात: अंथरुणाला खिळल्यावर ठेवता का? विस्मरणाचा आजार झाला तर? पुष्कळ ठिकाणी फक्त चालती-फिरती माणसं घेतात आणि दोन वर्षांनी नेमकी गरज पडते तेव्हा "घेऊन जा" असा फोन येतो. अनामत रक्कम परत मिळते का, कधी मिळते, दरवर्षी शुल्क किती वाढतं, दवाखान्यात कोण नेतं, हे लेखी घे. शेवटी, महिनाभर राहून बघायची सोय माग, आणि तो महिना घर जसंच्या तसं ठेवायला सांग.

पैसेवाल्यांसाठी आता ज्येष्ठांच्या वसाहती निघाल्या आहेत. पुण्यात 'अथश्री' नावाच्या वसाहतींपासून लोकांना ही कल्पना ओळखीची झाली. महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी नियम घालून दिले. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, ९०० मिलिमीटरची रुंद दारं, धरायला दांडे, असं बरंच काही त्यात आहे. करार वाचताना दोन गोष्टी बघ: महिन्याचा खर्च कसा वाढणार, आणि पुढे घर कोणाला विकता किंवा वापरायला देता येईल. बहुतेक ठिकाणी वयाची अट असते, वारसांना घर मिळतं पण राहता येत नाही. आणि वसाहत शहरापासून किती लांब आहे ते बसने जाऊन बघ, त्यांच्या गाडीने नको.

सुनेबद्दल लिहायचं राहिलं असतं. तुझ्या पत्रात तिच्याविषयी जरा कडक सूर आहे. अंघोळ तीच घालते, डायपर तीच बदलते, रात्री तीच उठते. लेक फोनवरून सल्ले देते, आणि मुलगा "आमच्याकडून काही कमी नाही" असं सांगतो. आजींना जसं एकट्यांना भेटणार आहेस, तसं तिलाही भेट. ती "आता होत नाही" म्हणत असेल तर तिचं बोलणं खरं मान आणि आठवड्यातून दीड दिवस तिला मोकळा कसा मिळेल ते बघ. कित्येकदा वृद्धाश्रमाचा विषय तेवढ्यानेच मागे पडतो. भांडण विकोपाला गेलं असेल तर हेही ध्यानात ठेव, की सुनेलाही राहत्या घरात कायद्याने संरक्षण आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की २००७ च्या कायद्याचा आधार घेऊन तिला सरळ बाहेर काढता येत नाही. दोघींचे हक्क तोलावे लागतात.

तुझ्या टेबलावर काही गोष्टी कायम हव्यात. ज्येष्ठांसाठीची देशभराची हेल्पलाइन १४५६७. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड; नवी जागा ठरवताना त्या योजनेतला दवाखाना किती जवळ आहे तेही बघ. ६५ च्या पुढच्या गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये, ज्यांचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. आणि आधार कार्डावरचा पत्ता: घर बदललं की तोही बदलून घे, नाहीतर पेन्शन एका गावात, रेशन दुसऱ्या आणि माणूस तिसऱ्या, अशी गत होते.

प्रांत ऑफिसातल्या अर्जाचा नमुना आणि आश्रम बघताना मी वापरते ती प्रश्नांची वही सोबत पाठवते आहे. वही मराठी टायपिंग येणाऱ्या कोणाकडून तरी टाइप करून घे. माझं अक्षर तुला लागणार नाही. शनिवारी आजींना भेटून आलीस की रात्री नऊनंतर फोन कर. गोळ्यांची नावं लिहून आण.

तुझी,
ताई